रविवारची गोळी

माझ्या हृदयाला ताल नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भीती वाटायच्या ऐवजी मला थोडा अभिमानच वाटला. सिंचाई विभागातून हेडक्लार्क म्हणून, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या भाषेत बडे बाबू म्हणून, रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारेनासं झालं होतं. त्यात हा आजार आला. हृदयरोग म्हणजे कसा भारदस्त! कलेक्टरला होतो, मंत्र्याला होतो. आमच्या लांजेवारांच्या खानदानात आजवर हगवणीच्या वर कोणी गेलं नव्हतं.

झालं असं, की पेन्शनच्या कामासाठी ट्रेझरीचा जिना चढत होतो आणि छातीत एकदम फडफड सुरू झाली. थैलीत कोंबडी कोंबून बाजारातून आणावी तशी. घरी येऊन पडलो. अनुसया, माझी बायको, मला रिक्षात घालून डॉक्टर दियेवारांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नाडी धरून बसले की ऋषीसारखे डोळे मिटून घेतात. त्यांनी कागदाची लांब पट्टी काढणाऱ्या मशीनवर मला निजवलं, पट्टी पाहिली आणि म्हणाले, "लांजेवारजी, नाडी अनियमित आहे. कधी धावते, कधी लंगडते. गोळी देतो. डिगॉक्सिन. रोज सकाळी एक, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार सुट्टी."

पुढेही ते बरंच बोलले. पण ऑफिसात आलेल्या कागदाची पहिली ओळ वाचायची आणि खाली सही ठोकायची, अशी माझी जन्माची सवय. डॉक्टरांच्या बोलण्यालाही मी तोच नियम लावला. शेजारी बसलेली अनुसया मात्र सगळं ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणाले, नाडी साठच्या खाली गेली तर गोळी घ्याची नाही अन् त्यायले येऊन सांगाचं. जेवण नकोसं झालं, मळमळलं, डोळ्याले काही वेगळं दिसलं, तरी सांगाचं. मनानं कमीजास्त कराची नाही म्हणे."

"हौ हौ, मीही तिथंच बसून होतो," मी म्हटलं.

ती पांढरी चिमुकली गोळी मात्र खरी गुणाची. थोड्याच दिवसांत छातीतली कोंबडी शांत झाली. मी पहाटे मोती तलावाकडे फिरायला जाऊ लागलो आणि वाटेत भेटेल त्याला हृदयाचे चार कप्पे समजावून सांगू लागलो. आमचा शेजारी प्रेमलाल मला पाहिलं की दार लोटून घेई, असं अनुसया म्हणायची. मला ते खरं वाटत नसे. माझं बोलणं ऐकताना त्याचे डोळे मिटलेले असत, आणि मला वाटे, तो एकाग्र झाला आहे.

आता एवढा हृदयाचा जाणकार झाल्यावर मला ती शनिवार-रविवारची सुट्टी खुपायला लागली. मी विचार केला. ऑफिसला रविवार असतो, कारण ऑफिस बंद राहिलं तरी कोणी मरत नाही. हृदयाला रविवार असतो काय? ते तर रविवारीही चालतंच. मग त्याला रविवारी उपाशी का ठेवायचं? डॉक्टरांनी बहुधा गोरगरिबांच्या सोयीसाठी, गोळ्या पुरवून पुरवून वापरता याव्यात म्हणून, असा हिशेब बांधला असावा. आपण काही एवढे गेलेलो नाही. मी सातही दिवस गोळी घेऊ लागलो. पुढे पुढे जिना चढल्यावर, कोणाशी भांडण झाल्यावर, किंवा टीव्हीवरच्या मॅचमध्ये शेवटची ओव्हर असली की वरून एक जास्तीची. एकीनं बरं वाटतं, तर दोनांनी दुप्पट वाटेल. एवढा त्रैराशिकाचा हिशेब मला शाळेपासून येत होता.

त्याच सुमारास आमच्या अपूर्वाच्या स्थळाचं निघालं. अपूर्वा आमची एकुलती एक. बीएस्सी झालेली आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवणारी. बोलायला हिंदीच जास्त, पण माझ्यावर रागावली की अस्सल मराठीत येते. मुलगा रजत बावनकर, उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत इंजिनियर. त्याचे वडील तेजराम कटंगीकडचे धानाचे मोठे शेतकरी. निरोप आला, की पुढच्या महिन्यात मुलगी पाहायला येतो.

निरोप आला तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला, आणि जीव वरखाली झाला की मी गोळी घेई.

मग माझी भूक गेली. ताटावर बसलो की पोटात ढवळून यायचं. मी अनुसयेला म्हटलं, "भाजीत काय टाकून राह्यली तू? माती लागते."

"तेच टाकते जे लग्न झाल्यापासून टाकून राह्यली," ती म्हणाली. "डॉक्टरकडे चला. त्यायनं सांगितलं होतं ना, जेवण नकोसं झालं तर या म्हणून?"

"पोरीच्या लग्नाची काळजी आहे मले. बापाची काळजी डॉक्टरले काय समजते?"

त्यानंतर माझे कपडे बिघडले. म्हणजे मला तसं वाटलं. सगळे सदरे, बनियन, धोतर पिवळट दिसायला लागलं. मी अनुसयेच्या मागे लागलो, की कपडे नीट धुतले जात नाहीत. तिनं बिचारीनं साबण बदलला. तरी पिवळेच. तिनं नीळ घातली. तरी पिवळेच. शेवटी तिनं वैतागून निळीची अख्खी पुडी बादलीत उलटी केली, आणि दोरीवरून सदरा काढून माझ्या हातात दिला.

"हां! आता कसा पांढरा शुभ्र झाला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. पुढं तिनं मला सांगितलं, की तो सदरा आकाशासारखा निळा झाला होता आणि मी थट्टा करतो आहे असं तिला वाटलं. आमच्या संसारात मी थट्टा करावी, ही गोष्टच इतकी नवी होती, की ती खूश झाली आणि गप्प बसली.

प्रेमलालनं यात आणखी भर घातली. एकदा कुंपणाशी उभा राहून तो म्हणाला, "बडे बाबू, पानी उबाल के पीना. गाँव में पीलिया फैला है." कावीळ! मी घरात येऊन सगळ्यांचे चेहरे निरखले. अनुसया पिवळी. अपूर्वा पिवळी. दूधवाला पिवळा. आरशात पाहिलं तर मीही पिवळा. पण मी विचार केला, माझं तर हृदयाचं आहे, मला कावीळ कशाला होईल? एका माणसाला दोन मोठे आजार होत नसतात, असा माझा समज होता. साथ मात्र गावभर पसरलीय, याबद्दल शंका राहिली नाही. मी घरात उसाचा रस सुरू केला. मायलेकी मुकाट्यानं पीत राहिल्या.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. रविवारच होता. सकाळपासून छाती फडफडत होती, म्हणून मी रोजची एक घेतली, आणि पाहुण्यांसाठी म्हणून आणखी एक. तो नव्यानं पांढरा झालेला सदरा चढवला आणि दारात उभा राहिलो.

तेजरामजी जीपनं आले. धिप्पाड माणूस, पांढरं धोतर (मला पिवळं), डोक्यावर टोपी. मागोमाग मुलगा उतरला. रजत. उंच, अंगानं बारीक, चेहरा हसरा. आणि पिवळा जर्द! नुसती हळद लावलेला. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. म्हटलं, पोरगं चांगलं काविळीनं भरलेलं आहे आणि बाप लपवून दाखवायला घेऊन आला!

बैठक बसली. पोहे आले, चहा आला. तेजरामजी माझ्या सदऱ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. मला वाटलं, शुभ्रतेनं दिपले. ते धानाबद्दल, वारासिवनीच्या रस्त्याबद्दल बोलत होते. मी ऐकत नव्हतो. मी मुलाचे डोळे पाहत होतो. अपूर्वा येऊन बसली. दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहिलं, अशा वेळी पाहतात तसं. रजत तिला विचारत होता, "आप कौन सी क्लास को पढ़ाती हैं?" आणि तेवढ्यात मी म्हटलं, "बेटा, जीभ दाखव."

"जी?"

"जीभ. अन् डोळ्याखालची कातडी खाली ओढ."

अनुसया दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. मुलगा खरंच सज्जन. त्यानं जीभ काढली.

मी पाहिली आणि म्हटलं, "तेजरामजी, बुरा मानू नका. मुलाले कावीळ आहे. अन् तुम्ही लपवून राह्यले."

तेजरामजींच्या हातातली बशी खाली आली. "काय म्हनता, बाबूजी? माह्या पोराले कावीळ?"

"पोरालेच काय, तुम्हालेही आहे. तुमचं धोतर पाहा, कपडेही पिवळे पडून गेले."

"धोतर पिवळं?" तेजरामजी उभे राहिले. "आज सकाळी घडी मोडली म्या! बाबूजी, मुलगी देयाची नसन तर तसं सांगा. असा अपमान काहून करता?"

"बाबा." अपूर्वा उठली होती. आवाज शाळेतला. फुलदाणीतलं एक फूल काढून तिनं माझ्यापुढं धरलं. "हे कोणत्या रंगाचं आहे?"

"पिवळं."

"अन् तुमचा सदरा?"

"पांढरा. तुझ्या आईनं परवाच उजळवला."

"बाबा, फूल पांढरं आहे. मोगरा आहे. मोगरा पिवळा असते काय? अन् सदरा निळा आहे. मले वाटलं होतं, तुम्हीच मुद्दाम निळा घालून बसले."

आता वाचणाऱ्याला वाटेल, की माझे डोळे उघडले. छे! मला वाटलं, पोरगी मुलावर भाळली आणि बापाला खोटं पाडते आहे. मी ताडकन उठलो. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि खोली गोल फिरली. दिव्याच्या बल्बभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसलं, ते मात्र आठवतं. मग जमीन वर आली. पोह्यांच्या ताटलीवरच पडलो, असं सगळ्यांनी नंतर सांगितलं. सांगायची गरज नव्हती, कानात मोहरी सापडली.

शुद्धीवर आलो तेव्हा माझं मनगट कोणीतरी धरलं होतं. रजत होता. खाणीत प्रथमोपचाराचं शिक्षण देतात, ते त्याला होतं. तो घड्याळाकडे पाहत तेजरामजींना म्हणाला, "बाबूजी, नाडी बहुत धीमी है. चाळीसच्याही खाली. जीप काढा." आणि अपूर्वाला विचारलं, "कोई दवा चलती है इनकी? सब साथ में ले लो." ज्याला मी रोगी ठरवला होता त्यानं मला खांद्यावर टाकलं, आणि ज्याला लबाड ठरवलं होतं त्यानं जीप चालवली. अनुसया गोळ्यांची डबी पदरात घट्ट धरून पुढं बसली. मी मागं आडवा होतो आणि वाटभर ओकत होतो. एकदा तर रजतच्या बुटावर. त्यानं पाय मागे घेतला नाही. पाय घ्यायला जीपमध्ये जागा नव्हती, हेही खरं.

डॉक्टर दियेवार जेवणावरून उठून आले. नाडी पाहिली, मशीन लावली, पट्टी पाहिली. डोळे मिटले नाहीत, उलट मोठे केले. सिस्टरला काय काय सांगितलं, दंडात सुई गेली, सलाईन लागलं. मग मला विचारलं, "लांजेवारजी, गोळी कशी घेत होता?"

"तुम्ही सांगितली तशी," मी म्हटलं.

अनुसयेनं डबी टेबलावर ठेवली. "खोटं बोलून राह्यले. रविवारीही घेतात. मॅच असली की दोन. आज सकाळीही दोन घेतल्या, म्या मोरीतून पाहिलं."

"अन् तुम्ही मला सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"त्यायले रोज सांगितलं मी, की डॉक्टरकडे चला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "ऐकलं नाही. म्हणून मीही बोलणं सोडलं. तेवढी माही चूक."

माझी सगळी हुशारी त्या एका वाक्यात विरघळली. तोवर मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत, आता आपल्याकडे कोण कोण भेटायला येईल, हाच विचार करत होतो.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "ऐका. यावेळी शेवटपर्यंत ऐका. ही गोळी हृदयाला सांभाळून चालायला लावते. पण ती शरीरातून लवकर जात नाही. थोडी थोडी साचते. या वयात मूत्रपिंडंही ती सावकाश बाहेर टाकतात. तुमची प्रकृती पाहून मी दोन दिवस सुट्टी दिली, ती साचू नये म्हणून. पुरेशी किती आणि जास्त किती, यात या गोळीचं अंतर फार थोडं आहे. तुम्ही ते ओलांडलं. भूक जाणं, मळमळ, पिवळं दिसणं, दिव्याला कडं दिसणं, हे सगळं तिचंच. ती तुम्हाला हाक मारत होती."

"मले वाटलं, गावाले कावीळ झाली," मी म्हटलं.

डॉक्टर हसले नाहीत. "दोन दिवस उशीर केला असता तर हसायला कोणी राहिलं नसतं."

मला तिथंच ठेवून घेतलं. गोळी बंद. रक्त तपासलं, पुन्हा पुन्हा पट्ट्या काढल्या. नाडी हळूहळू वर आली. रंग सगळ्यांत शेवटी परतले. एका सकाळी जाग आली तर खिडकीचा पडदा हिरवा होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. मग समोरच्या बाकावर पाहिलं. अपूर्वा आणि रजत बसले होते, दोघांच्या मध्ये संत्र्यांची पिशवी. रजत चांगला सावळा होता, आणि त्याला पिवळा ठरवायला खरोखरच माझ्यासारखा माणूस लागत होता. उकव्याहून घाटातल्या बसनं तो आला होता. मला भेटायला, असं तो म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. निदान तेवढी अक्कल आली होती.

"तुम्हारे बाबा सो गए?" त्यानं विचारलं.

"नाटक कर रहे हैं," अपूर्वा म्हणाली. मग जरा थांबून मराठीत, म्हणजे मला ऐकू जावं म्हणून, "बाबा, मी या स्थळाले हौ म्हणून राह्यली. तुम्हाले काही तपासाचं असलं तर आताच तपासा."

मी डोळे न उघडता हात वर केला. हा माझा होकार. दवाखान्यातले सगळे हसले, तेजरामजीही. ते दाराशी कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक.

दुपारी मायलेकी घरी गेल्या, तसे तेजरामजी खाटेजवळ सरकले. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, एक गोष्ट विचारू? माहीही छाती धडधडते कधी कधी. शेतातून आलो की. तुमची ते गोळी बंदच आहे आता. डबीतल्या चार मले देता काय? एकेक घेऊन पाहीन."

मी ताडकन उठून बसलो. सलाईनची नळी ओढली गेली. "डोकं फिरलं काय तुमचं? एकेक घेऊन पाहीन म्हणे! माझं काय झालं ते पाहिलं ना? तुमची धडधड कशाची आहे, कोणाले माहीत? थांबा. सिस्टर! ओ सिस्टर!"

"अहो, ओरडता काहून? लोक आयकतात!"

"आयकू द्या."

डॉक्टरांनी त्यांनाही त्याच मशीनवर निजवलं. पट्टी निघाली. हृदय उत्तम निघालं. मग डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून चहा किती, तंबाखू किती. तेजरामजींनी खरं सांगितलं, आणि ते ऐकून सिस्टरनं हातातला ट्रे खाली ठेवला. गोळी काही मिळाली नाही. चहा अर्ध्यावर आणा, तंबाखू बंद करा, महिन्यानं दाखवा, एवढंच.

तेजरामजी तोंड पाडून बाहेर आले. "बाबूजी, चांगलं केलं तुम्ही," ते म्हणाले. "मागाले गेलो गोळी, अन् हातचा तंबाखू गेला."

कटंगीला लग्न लागेपर्यंत त्यांनी माझ्याशी नीटसं बोलणं केलं नाही. मला मात्र डॉक्टरांनी पुन्हा ती गोळी सुरू करून दिली. आधीच्या अर्धी, आणि वर रक्ताची तपासणी. नाडी मोजायचं काम अनुसयेनं स्वतःकडे घेतलं. सकाळी चहाच्या आधी ती माझं मनगट धरते, ओठ हलवत मोजते, आणि मोजून झाल्यावरही थोडा वेळ हात तसाच धरून ठेवते. मी काही बोलत नाही. बोललो तर आकडा चुकतो, असं ती म्हणते.